खिडकीतली नारिंगी बोट

आधीच सांगते, समुद्रावर माझा राग नाही. चार रात्री-पाच दिवसांच्या मुंबई-लक्षद्वीप क्रूझमध्ये त्याची माझी धड गाठ पडली ती सगळी मिळून दोनेक तास. बाकी वेळ मी रांगेत होते, लिफ्टसमोर होते, नाहीतर खोलीत बसून एका नारिंगी बोटीचं पोट बघत होते. दोघांचा खर्च एक लाख आठ हजार तीनशे चाळीस. इंदूरहून अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट आणि मुंबईची टॅक्सी वेगळी.

मी शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं, तेव्हा हिशेब लिहायची सवय आहे. भाडं माणशी साडेएकेचाळीस हजार, म्हणजे त्र्याऐंशी हजार. कर आणि बंदराचे पैसे बारा हजार सहाशे चाळीस. नोकरांची टिप सक्तीची, चार हजार आठशे. (सक्तीच्या टिपेला टिप का म्हणायचं, हे मला कोणी समजावून सांगावं.) जहाजावर पाणी, चहा, एक फोटो आणि एकदा वेगळे पैसे भरून गाठलेलं जेवण मिळून पाच हजार दोनशे सत्तर. उरलेले दोन हजार सहाशे तीस आमच्या ह्यांच्या फोनने खाल्ले. किनाऱ्याचं टॉवर सुटलं की फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क धरतो, आणि आपलं नेहमीचं रिचार्ज तिथे चालत नाही. यांनी फोन एअरप्लेन मोडवर टाकलाच नव्हता. का, तर "आपण विमानात कुठे आहोत?"

इंदूरच्या माणसाला पाण्याची हौस फार. आमच्याकडे सिरपूर तलाव, यशवंतसागर, आणि पिपल्यापाल्याच्या तळ्यात पायडल मारायच्या बोटी. नळाला येते ती नर्मदा, तीसुद्धा सत्तरेक किलोमीटरवरून पंपाने चढवलेली. मोठं पाणी बघायचं तर महेश्वरचा घाट. यांना साठ पूर्ण झाली म्हणून मुलाने पैसे पाठवले आणि म्हणाला, आई, या वेळेस समुद्रात जा. मी तारीख मुद्दाम त्रिपुरी पौर्णिमेची धरली. समुद्रात पौर्णिमा बघायची, एवढंच मनात होतं. वन्सं आणि त्यांचे यजमानही बरोबर निघाले.

एम. जी. रोडवरच्या एजंटाने कॉम्प्युटरवर फोटो दाखवला. पांढरी चादर, मोठी खिडकी, खिडकीभर निळं. "मैडम, सी-व्यू है। पलंग पे बैठे-बैठे समंदर देखो।" आतली बिनखिडकीची खोली माणशी नऊ हजारांनी स्वस्त होती. मी म्हटलं, नऊ हजार जाऊ देत, खिडकी पाहिजे.

मुंबईच्या बॅलार्ड पिअरला साडेबारा वाजता पोहोचलो आणि खोलीत शिरलो पावणेपाचला. मधल्या वेळात पाच रांगा. सामानाच्या स्कॅनरवर एका मुलीने माझा चिवड्याचा डबा आणि यांची पाण्याची किटली बाजूला काढली, दोन्हीला चिठ्ठी बांधली आणि "उतरताना मिळेल" म्हणाली. नियम आहे, ठीक आहे. पर्समधलं जीरावणाचं, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या आमच्या इंदुरी मसाल्याचं, पाकीट तिच्या नजरेतून सुटलं. त्याचं काय झालं ते पुढे.

खोली सातव्या मजल्यावर. दार उघडल्याबरोबर मी सरळ पडद्याकडे गेले, दोन्ही हातांनी ओढला, आणि समोर नारिंगी! काचेपासून हाताच्या अंतरावर असेल-नसेल, एक भलीमोठी नारिंगी भिंत. वर पाहिलं तर दोरखंड आणि लोखंडी हात, खाली पाहिलं तर आणखी नारिंगी. भिंतीवर काळ्या अक्षरात '१५० पर्सन्स' लिहिलेलं. आमच्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली होती. तिच्या आणि खिडकीच्या कडेच्या मधे चार बोटांची फट होती, तिथून गाल काचेला लावला की समुद्राची एक उभी पट्टी दिसायची. मी फूटपट्टी नेली नव्हती, पण दहा सेंटिमीटरच्या वर ती नक्की नव्हती.

रिसेप्शनला गेले. तिथे रांग. पाऊण तासाने एक मुलगा अगदी गोड आवाजात म्हणाला, "मॅम, तुमची कॅटेगरी ओशन व्ह्यूच आहे. ऑब्स्ट्रक्टेड." म्हणजे समुद्र आहे, फक्त अडलेला आहे. बुकिंगच्या कागदात अकराव्या पानावर बारीक अक्षरात ते लिहिलेलंही निघालं: काही खोल्यांतून दृश्य अंशतः अडलेलं असू शकतं. अंशतः! मुलांना अंश आणि छेद शिकवताना माझी हयात गेली. नऊदशांशला अंशतः म्हणत नाहीत. दुसरी खोली मागितली, तर जहाज भरलेलं.

मग खोलीत टीव्ही लावला. त्यावर एक चॅनेल जहाजाच्या नाकावरच्या कॅमेऱ्याचं, शेजारी नकाशा आणि वेग. आमच्या ह्यांना ते फार आवडलं. पुढचे चार दिवस हे समुद्राच्या मधोमध पलंगावर बसून टीव्हीवर समुद्र बघत होते. वेग साडेचौदा नॉटच्या आसपास. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणजे तासाला सत्तावीस किलोमीटर. इंदूरला राजवाड्याहून पलासियाला मी जी लूना चालवायचे, तिचा हाच वेग.

जे चांगलं ते चांगलं म्हणायला पाहिजे. निघण्याआधी सगळ्यांना भोंगा ऐकवून, सात छोटे आणि एक लांब, आपापल्या जागी नेऊन उभं केलं, लाइफजॅकेट कसं घालायचं ते दाखवलं, कार्ड तपासून हजेरी घेतली. पूर्वी ही कवायत जहाज सुटल्यावर चोवीस तासांत केली तरी चालायची. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याला कोस्टा कॉन्कॉर्डिया हे मोठं जहाज आडवं झालं, त्यावर त्याच दिवशी चढलेल्यांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर नियम कडक झाला. आमच्या भोवतीचे लोक सेल्फी काढत होते, "ये कब खतम होगा" चाललं होतं. मी मात्र नीट उभी होते. सासूबाई अलिबागकडच्या. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, आणि त्यांच्या घरी कित्येक वर्षं पावसाळ्यात बोटीने जायचं नाव काढत नसत. तेव्हा त्या नारिंगी बोटीला मी कितीही नावं ठेवली, तरी ती तिथे होती याचं मनातून बरंच वाटलं. फक्त तिच्या मागच्या खोलीचे समुद्राच्या भावाने पैसे घेऊ नयेत.

ही सगळी माहिती, आणि पुढचीही बरीचशी, आमच्या खोलीच्या मुलाकडून मिळाली. मालवणचा. पहिल्या दिवशी मी सवयीने "काय शोधून राहिलास?" म्हटलं तर हसायलाच लागला. "काकू, तुम्ही नागपूरच्या काय?" म्हटलं, इंदूरच्या, आमचं मराठी असंच. तेव्हापासून तो रोज दोनदा डोकावायचा. दिवसाला वीस खोल्या करतो, सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आणि स्वतः झोपतो ती जागा पाण्याच्या पातळीखाली. "काकू, तुम्हाला निदान बोट तरी दिसते."

त्यानेच सांगितलं, पहाटे साडेपाचला दहाव्या मजल्यावर जा, कोणी नसतं.

गेले. खरंच कोणी नव्हतं. जहाज दक्षिणेकडे चाललं होतं, त्यामुळे उजव्या हाताला पश्चिम, डाव्या हाताला पूर्व. उजवीकडे पौर्णिमेचा चंद्र खाली आला होता. इंदूरला चंद्र मावळताना कधी दिसतच नाही, तो कुणाच्या तरी पाण्याच्या टाकीमागे जातो. इथे तो खाली खाली येत पुरणासारखा पिवळसर झाला, आणि पाण्याला टेकायच्या आधी खालून चपटा पडायला लागला. हवेमुळे किरण वाकतात म्हणून असं होतं, पुस्तकात वाचलं होतं, मुलींना फळ्यावर आकृतीही काढून दिली असेल. डोळ्यांनी पाहिलं ते साठीला आल्यावर. तेवढ्यात डावीकडे उजाडायला लागलं. मी कठडा सोडून डेकच्या मधोमध उभी राहिले, एकदा इकडे मान, एकदा तिकडे. दोन्हीकडे पाणीच, आणि इंजिनाची घरघर तळव्यांना लागत होती. यांना उठवायला खाली जावं असं दोनदा वाटलं, पण गेले असते तर माझंही हुकलं असतं. नाही गेले. हे अजून बोलून दाखवतात.

सहा पस्तीसला पाइप घेऊन एक माणूस आला. "मॅम, डेक वॉशिंग." साताला स्पीकर लागले आणि झुंबा सुरू झाला.

आता पोहे. नाश्त्याच्या रांगेत पस्तीस मिनिटं उभी राहून मी भांड्यापर्यंत पोहोचले तर त्यावर पाटी 'इंदौरी पोहा'. मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. झाकण काढलं. हळद एवढी, की लग्नघर आठवावं. पोहे एकमेकांना धरून बसलेले, वर टोमॅटोच्या फोडी, आणि गार. अहो, इंदूरचे पोहे फोडणीत परतून ठेवून देत नाहीत, ते वाफेवर धरतात, खाली पाणी उकळत असतं म्हणून सकाळी सहाला आणि दहाला सारखेच मऊ लागतात. दाताखाली बडीशेप आली पाहिजे. वर शेव, कांदा, डाळिंबाचे दाणे असले तर उत्तम, आणि जीरावण. जीरावणाशिवाय पोहे म्हणजे नुसते भिजवलेले पोहे. मी पर्समधून पाकीट काढलं आणि चौघांच्या बशांवर भुरभुरलं. मागच्या टेबलावरून एक गृहस्थ उठून आले, "भिया, जीरावन है क्या?" ते निघाले इंदूरच्याच अन्नपूर्णा रोडचे. पाकीट दुसऱ्या दिवशी दुपारीच संपलं.

जेवण एरवी वाईट नव्हतं, पुष्कळ होतं. पण पुष्कळ असणं आणि मिळणं वेगळं. साडेसातला उघडायचं, सव्वासातला दोनशे माणसं उभी. केळ्याचं साल आणि कागदी कप हातात घेऊन मी दोन डबे शोधत होते, कारण इंदूरच्या माणसाचे हात आता ओलं-सुकं एका डब्यात टाकायला तयारच होत नाहीत. डबा एकच! वेटरला विचारलं तर त्याला प्रश्नच कळला नाही. मालवणच्या मुलाने सांगितलं की खाली माणसं बसून सगळं वेगळं करतात, उष्टं दळून किनाऱ्यापासून ठरावीक अंतराबाहेर गेल्यावरच समुद्रात सोडता येतं, आणि प्लास्टिक अजिबात नाही, ते बंदरावरच उतरवायचं. म्हणजे आपण मिसळायचं आणि त्यांनी निवडायचं. आमच्या गल्लीतल्या गाडीवाल्याने कान धरला असता.

दुसऱ्या दिवशीही संध्याकाळी चंद्र मोठाच उगवणार होता. पाचपासून खुर्च्या धरू म्हणून वर गेलो तर डेकच्या अर्ध्या भागाला दोरी. कुठल्यातरी सिमेंटच्या डीलरांची सहल होती, सहाशे माणसं. कंपनीने डेक आणि थिएटर दोन्ही रात्री त्यांना देऊन टाकलं होतं. उरलेल्या अर्ध्यात त्यांच्याच डीजेचे भोंगे आमच्याकडे तोंड करून. निळे-जांभळे दिवे इतके, की चंद्र उगवलेला भावजींनी बोट दाखवून सांगावा लागला. थिएटरचा जादूचा प्रयोग आम्हाला मग रात्री सव्वाअकराला मिळाला. इंदूरला आमच्या सानंद संस्थेच्या नाटकाला तिसरी घंटा झाली की झाली, हे ज्यांच्या अंगवळणी पडलंय त्यांनी तिथे न गेलेलं बरं.

तिसरा दिवस लक्षद्वीपचा. खरं म्हणजे या सगळ्यावर पाणी सोडायला मी तयार होते, ते या एका दिवसाच्या भरवशावर. छत्तीस बेटं, वस्ती फक्त दहांवर, जायला परवाना लागतो, तो फॉर्म आम्ही भरला होता. सकाळी साडेसहाला वर गेले तर समोर ते होतं. नारळांची एक लांब हिरवी रेघ, तिच्याखाली पांढरी, तिच्याखाली फिक्या काचेसारखं हिरवट पाणी, आणि अलीकडे फेसाची एक वाकडी ओळ, जिथे प्रवाळाचा कठडा आहे. मोठं जहाज त्या कठड्याच्या आत जाऊ शकत नाही. आत पाणी पुरुषभरसुद्धा नाही कुठे कुठे. म्हणून बाहेर थांबायचं आणि छोट्या बोटीने उतरायचं. मालवणचा म्हणाला, "आमच्याकडे पण आगबोट बाहेरच थांबायची, आजोबा पडावातनं उतरायचे."

सव्वाआठला घोषणा झाली: लाटांमुळे उतरणं रद्द.

वर ऊन होतं, वारा नव्हता, पाणी दिसायला शांत. लोक चिडले, "कहाँ है लहर?" मी खालच्या मजल्यावरच्या दाराशी गेले, जिथून बोटीत उतरवणार होते. तिथे एक छोटी बोट जहाजाला लागून उभी होती, आणि ती न फुटणाऱ्या, लांबलचक, संथ फुगवट्यावर एकदा दाराच्या उंबऱ्यापर्यंत वर यायची आणि मग माणूसभर खाली जायची. वर, खाली. अशा लाटा दूर कुठेतरी उठलेल्या वाऱ्याच्या असतात, इथे वारा असायची गरज नसते. त्या दारातून सत्तर वर्षांच्या माणसांना उतरवायचं? कप्तानाचं बरोबर होतं. मी रिसेप्शनच्या गर्दीत उभी राहून तसं मोठ्याने म्हटलंही, तर आमच्याच वन्सं माझ्यावर रागावल्या.

माझं भांडण वेगळं आहे. हे असं होऊ शकतं, हे त्या एजंटाने आणि त्या चकचकीत माहितीपत्रकाने सांगायला नको होतं का? "पक्का उतरेंगे मैडम, पैर गीले करके आओगे।" आम्ही दुपारपर्यंत तिथेच उभे होतो. दहाच्या सुमाराला कोचीच्या बाजूने एक पंख्याचं छोटं विमान आलं आणि नारळांमागे उतरलं. त्यातली माणसं अर्ध्या तासात त्या पाण्यात उभी असणार. आम्ही छत्तीस तास चालून आलो होतो आणि सँडविचच्या रांगेत होतो.

परतीच्या प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जहाज डोलायला लागलं, वन्संची खोली अगदी पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यावर, त्यांना उलट्या सुरू झाल्या. सी-सॉच्या टोकाला बसलेलं मूल जास्त वर-खाली होतं, मधलं होत नाही, तसंच हे. डॉक्टरने इंजेक्शन दिलं, चांगलं दिलं, बिलही चांगलंच दिलं. मग त्या आमच्या खोलीत येऊन झोपल्या, कारण आम्ही खाली आणि मधोमध होतो. नारिंगी बोटीचा एवढा एक फायदा.

उतरताना चिवड्याचा डबा मिळाला. किटली दुसऱ्याच कुणाची मिळाली.

घरी आल्यावर मी मेल लिहिली. दोनच मागण्या: खिडकीच्या नावाखाली घेतलेले माणशी नऊ हजार, आणि ज्या बंदरात पाऊल ठेवलं नाही त्याचे पैसे. बारा दिवसांनी उत्तर आलं, की आमच्या भावनांची त्यांना कदर आहे, आणि पुढच्या सफरीवर दहा टक्क्यांचं कूपन सोबत जोडलं आहे. मी १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. तिथल्या मुलीने छान समजावून सांगितलं. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात केस टाकता येते, मुंबईला जायची गरज नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. कागद तयार आहेत. पुरावा म्हणून खिडकीचे सात फोटो जोडलेत, सातही नारिंगी.

लोकमान्यनगरातल्या तिघी-चौघींनी विचारलं, जावं का. मी म्हणते, बाल्कनीची खोली परवडत असेल तर जा, नाहीतर बिनखिडकीची स्वस्तातली घ्या आणि पहाटे वर जाऊन उभ्या राहा. खोलीचा नंबर आधी लेखी मागा आणि जहाजाच्या नकाशावर तिच्यासमोर काय टांगलंय ते बघा. मळमळीची भीती असेल तर मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची. फोन एअरप्लेन मोडवर. जीरावणाची दोन पाकिटं.

तारे द्यायचे तर दोन देते. एक त्या मालवणच्या पोराला, आणि एक कवायत घेणाऱ्यांना. पहाटेचा चंद्र कंपनीचा नव्हता, त्याचे गुण त्यांना मिळणार नाहीत.

वन्संनी मात्र काल फोन केला होता. त्यांनी विचारलं, ते दहा टक्क्यांचं कूपन तुम्ही वापरणार नसाल तर आम्हाला चालेल का म्हणून.